अंदाज आधी लिहावा, मग फुगा फुगवावा: मुलांसोबत विज्ञानाचे प्रयोग करताना

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात एखादा तरी ज्वालामुखी असतोच. कागदाच्या लगद्याचा डोंगर, त्याच्या तोंडाशी दडवलेली छोटी बाटली आणि तीत खाण्याचा सोडा व लाल रंग अशी मांडणी असते. पाहुणे जवळ आले की विद्यार्थी वरून व्हिनेगर ओततो, लालसर फेस उसळून उतारावरून ओघळतो आणि टाळ्या पडतात. मुलांची मेहनत खरी असते, पण या मॉडेलमधून ती काय शिकतात हा प्रश्न मला दर वेळी पडतो. खऱ्या ज्वालामुखीत सोडाही नसतो आणि व्हिनेगरही नसते. तिथे जमिनीखालचा तप्त शिलारस आणि त्यात विरघळलेले वायू यांचा खेळ असतो. शिवाय फेस येणार हे करणाऱ्याला आणि पाहणाऱ्याला आधीच ठाऊक असते, त्यामुळे तो आल्यावर कोणाच्याही मनातली एकही समजूत जागची हलत नाही.

हेच साहित्य थोडे निराळे वापरून पाहावे. एकसारख्या चार बाटल्या घेऊन प्रत्येकीत ५० मिलिलिटर व्हिनेगर ओतावे. औषधाच्या बाटलीबरोबर येणारे मापाचे झाकण त्यासाठी पुरते. चार एकसारख्या फुग्यांत कागदाच्या नरसाळ्याने अनुक्रमे पाव, अर्धा, एक आणि दोन सपाट चहाचे चमचे खाण्याचा सोडा भरावा, फुगे बाटल्यांच्या तोंडावर घट्ट बसवावेत आणि ते उचलून सोडा आत पाडण्याआधी प्रत्येक मुलाने वहीत एक वाक्य लिहावे: कोणता फुगा किती मोठा होईल. बहुतेक मुले लिहितात की दोन चमच्यांचा फुगा एक चमच्याच्या फुग्यापेक्षा खूपच मोठा होईल. प्रत्यक्षात पहिले तीन फुगे चढत्या क्रमाने फुगतात, पण चौथा तिसऱ्याच्या जवळपासच थांबतो आणि त्या बाटलीच्या तळाशी पांढरा सोडा तसाच पडून राहतो.

आता मुलांना प्रश्न विचारावा लागत नाही, ती स्वतःच विचारतात. सोडा उरला आहे तर वायू का होत नाही? चौथ्या बाटलीत आणखी थोडे व्हिनेगर घातले की पुन्हा फसफस सुरू होते आणि उत्तर समोर येते: आतले व्हिनेगर संपले होते. सोडा आणि आम्ल एका ठरावीक प्रमाणातच एकमेकांना संपवतात, त्यातले जे आधी संपते ते वायू किती होणार हे ठरवते. कणीक दहा पोळ्यांची असेल आणि तेल वीस पोळ्यांना पुरेल इतके असेल, तरी पोळ्या दहाच होतात हे ज्या मुलाने पाहिले आहे त्याला हा नियम वेगळा समजावून सांगावा लागत नाही. फुग्याचा आकार डोळ्यांनी ठरवण्यापेक्षा त्याच्या पोटाभोवती दोरा गुंडाळून तो मोजपट्टीवर मोजावा, कारण डोळा घेराला फसतो. गोल फुग्याचा घेर दुप्पट झाला तर आतला वायू आठपट झालेला असतो.

साहित्य तेच असूनही ज्वालामुखी हा देखावा राहिला आणि फुगे हा प्रयोग झाला, याला तीन कारणे आहेत. मुलांनी आधी अंदाज लिहिला, चार बाटल्यांत सोड्याचे प्रमाण वगळता बाकी सर्व सारखे ठेवले आणि जे घडले ते मोजले. मुलांना गुंतवून ठेवणारा प्रयोग म्हणजे रंग, धूर आणि आवाज असलेला प्रयोग असे आपण सहज धरून चालतो. माझा अनुभव असा की स्वतःच्या हाताने लिहिलेला अंदाज चुकला की मूल जितके गुंतते, तितके कोणत्याही रंगाने गुंतत नाही.

पेल्याखालची मेणबत्ती

अंदाज तपासण्याची सवय नसेल तर काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण कित्येक घरांत आणि वर्गांत दर वर्षी करून दाखवले जाते. ताटलीत मेणबत्ती उभी करतात, भोवती रंगीत पाणी ओततात, मेणबत्ती पेटवून तिच्यावर काचेचा पेला पालथा घालतात. ज्योत विझते आणि पाणी पेल्यात चढते. मग सांगितले जाते की ज्योतीने हवेतला ऑक्सिजन वापरून टाकला, त्याची जागा रिकामी झाली आणि ती भरून काढायला पाणी वर आले. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो आणि पाणीही पेल्याच्या साधारण पाचव्या हिश्शापर्यंत चढते, म्हणजे हिशेब जुळला.

हे स्पष्टीकरण इतके नेटके आहे की ते तपासून पाहावे असे कोणाला वाटत नाही, आणि ते चुकीचे आहे. मेण जळताना ऑक्सिजन नाहीसा होत नाही, त्यापासून कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. ढोबळ हिशेबाने ऑक्सिजनचे तीन भाग खर्च झाले की कार्बन डायऑक्साइडचे दोन भाग तयार होतात, आणि तो इतक्या थोड्या वेळात पाण्यात फारसा विरघळत नाही. शिवाय ज्योत विझते तेव्हा पेल्यातला सगळा ऑक्सिजन संपलेला नसतो. त्याचे प्रमाण एका मर्यादेखाली गेले की ज्योत तग धरत नाही, पण बराचसा ऑक्सिजन तेव्हाही शिल्लक असतो. म्हणजे पाचव्या हिश्शाचा हिशेब दोन्ही बाजूंनी मोडतो.

मुलांना हे रसायनशास्त्र सांगायची गरज नाही, कारण हाच प्रयोग तीन प्रकारे बदलून ती स्वतः सत्याजवळ पोहोचू शकतात. पहिला बदल फक्त नीट पाहण्याचा आहे: पाणी नेमके केव्हा चढते? ऑक्सिजन खर्च होण्यामुळे ते चढत असेल, तर ज्योत जळत असतानाच ते हळूहळू वर यायला हवे. पण बारकाईने पाहणाऱ्याला दिसते की ज्योत जळते आहे तोवर पाणी जेमतेम हलते आणि ती विझताच भराभर वर येते. दुसरा बदल मेणबत्त्यांच्या संख्येचा. पेला तोच ठेवून एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या तर आतला ऑक्सिजन वाढत नाही, म्हणून पाणीही तितकेच चढायला हवे. प्रत्यक्षात ते कितीतरी जास्त चढते. तिसरा बदल मला सर्वांत आवडतो, कारण त्यात मेणबत्तीच नाही. स्टीलच्या पेल्यात गरम पाणी भरून तो चांगला तापू द्यावा, मोठ्यांनी ते पाणी ओतून टाकावे आणि पेला लगेच ताटलीतल्या थंड पाण्यावर पालथा घालावा. थोड्या वेळाने पेला किंचित उचलून पाहिले, की ताटलीतले पाणी कमी झालेले आणि ते पेल्यात गेलेले आढळते. ज्योत नाही, जळणे नाही, तरी पाणी वर आले.

तीनही निरीक्षणांना एकत्र बांधणारे उत्तर उष्णतेचे आहे. मेणबत्तीवर पेला येतो तेव्हा आतली हवा तापलेली आणि प्रसरण पावलेली असते, तिच्यातली काही पेल्याच्या कडेखालून बाहेरही निसटते. लक्ष दिले तर कडेशी बुडबुडे दिसतात. ज्योत विझली की उरलेली हवा थंड होऊन आकुंचन पावते, वाफेचे पाणी होते, आतला दाब कमी होतो आणि बाहेरच्या हवेचा दाब ताटलीतले पाणी पेल्यात ढकलतो. तीन मेणबत्त्यांनी हवा जास्त तापते, जास्त बाहेर निसटते, म्हणून पाणी जास्त चढते.

या एका प्रयोगावर मी इतका वेळ घेतला त्याचे कारण असे की चुकीचे उत्तर अनेकदा बरोबर उत्तरापेक्षा अधिक सुबक असते, आणि मोठ्या माणसाने ते आत्मविश्वासाने सांगितले तर मुलाला ते तपासण्याचे कारणच उरत नाही. उलट आईने, बाबांनी किंवा बाईंनी "असे असेल तर मग तीन मेणबत्त्या लावल्यावर काय व्हायला हवे?" एवढाच प्रश्न विचारला, तर दहा वर्षांचे मूलही आपल्या उत्तरावर पुन्हा विचार करू लागते. हा प्रश्न विचारण्यासाठी स्वतःला उत्तर माहीत असणे आवश्यक नाही, ही गोष्ट विज्ञानाच्या नावाने बिचकणाऱ्या पालकांनी विशेष लक्षात घ्यावी.

होशंगाबादचा अनुभव

प्रयोग करून शिकणे ही सुसज्ज प्रयोगशाळा असलेल्या शाळांचीच चैन आहे, हा समज पन्नास वर्षांपूर्वीच आपल्या शेजारच्या राज्यात खोटा ठरला आहे. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली किशोर भारती आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी १६ शाळांमध्ये विज्ञान शिकवण्याचा एक उपक्रम सुरू केला. सहावी ते आठवीच्या मुलांनी चार-चारच्या गटात स्वतः प्रयोग करायचे, निरीक्षणे लिहायची, त्यांवर वर्गात चर्चा करायची आणि निष्कर्ष आपल्या शब्दांत मांडायचा, अशी त्याची पद्धत होती. परीक्षेत पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा होती, कारण पाठांतर तपासायचेच नव्हते. पुढे १९८२ साली एकलव्य ही संस्था स्थापन झाली आणि तिने हे काम वाढवले. राज्य सरकारने २००२ साली हा उपक्रम बंद केला, ही खेदाची गोष्ट आहे. पण तीस वर्षे सरकारी शाळांतील साध्या वर्गखोल्यांत तो चालला, ही गोष्ट कोणी पुसू शकत नाही.

या उपक्रमाचा पुण्याशी एक धागा आहे. पुण्यात मोटारींच्या कारखान्यात अभियंता असलेले अरविंद गुप्ता १९७८ साली रजा घेऊन होशंगाबादला गेले आणि तिथल्या बाजारात हिंडताना त्यांनी सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या जोडून आकृत्या बनवण्याचा खेळ तयार केला. नंतर त्यांनी पुण्यातील आयुका या संस्थेच्या मुलांसाठीच्या विज्ञान केंद्रात, म्हणजे मुक्तांगण विज्ञान शोधिकेत, अनेक वर्षे टाकाऊ वस्तूंपासून शेकडो खेळणी बनवली. त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. आगकाड्यांचा तो खेळ आजही सायकलच्या दुकानातून ट्यूब आणून घरी करता येतो. काड्यांची गुलाची टोके मोठ्यांनी आधी खरवडून काढावीत. तीन काड्यांचा त्रिकोण केला तर तो दाबूनही आकार सोडत नाही, चार काड्यांचा चौकोन मात्र बोट लावताच कलतो आणि त्यात एक कर्ण बसवला की पुन्हा ताठ होतो. मग मुलाला विजेच्या मनोऱ्यांत, रेल्वेच्या पुलांत आणि पत्र्याच्या छपराखालच्या कैच्यांत जिकडेतिकडे त्रिकोण दिसू लागतात.

स्वयंपाकघरात

मोड आलेली मटकी हा आपल्याकडच्या प्रत्येक घरात होणारा प्रयोग आहे, फक्त त्याची नोंद कोणी ठेवत नाही. रोपाला सूर्यप्रकाश लागतो हे मुलांनी पुस्तकात वाचलेले असते, म्हणून मोड यायलाही प्रकाश लागेल असा त्यांचा अंदाज असतो. मटकीचे वीस-वीस दाणे मोजून ते रात्रभर भिजवावेत आणि सकाळी पाच वाट्यांत ठेवावेत: एक ओल्या फडक्यात खिडकीपाशी, एक ओल्या फडक्यात कपाटाच्या अंधारात, एक ओल्या फडक्यात फ्रिजमध्ये, एक पूर्ण पाण्यात बुडवून आणि एक न भिजवता कोरडी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी किती दाण्यांना मोड आले ते मोजावे. अंधारातली मटकी खिडकीतल्या मटकीइतकीच छान मोडावते, कारण दाण्यात साठवलेल्या अन्नावर ती वाढत असते, फ्रिजमधली रेंगाळते, पाण्यात बुडालेली फुगते, एखाद्या दाण्याला इवलासा कोंब दिसतोही, पण पुढे वाढ खुंटते आणि पाण्याला वास येऊ लागतो, कारण श्वसनासाठी लागणारी हवा तिला पुरेशी मिळत नाही. आजी मटकी उपसून फडक्यात का बांधते, थंडीत ते गाठोडे उबेला का ठेवते, याचे उत्तर मुलाने स्वतः मोजून काढलेले असते, आणि आजीच्या हाताला ते आधीपासून ठाऊक होते हेही त्याच्या लक्षात येते.

हळदीचा प्रयोगही घरचाच आहे. भाजीचा पिवळा डाग साबण लावताच लाल होतो, हे प्रत्येकाने पाहिलेले असते. हळदीची पाण्यातली पेस्ट कागदावर लावून वाळवली आणि त्याच्या पट्ट्या कापल्या, की आम्लारी पदार्थ ओळखणारा दर्शक तयार होतो. साबणाचे पाणी, धुण्याचा सोडा, चुन्याची निवळी यांनी पट्टी लाल होते. हळदीत चुना मिसळून कुंकू करण्याची जुनी रीत याच गुणावर आधारलेली आहे. इथे बहुतेक लेख थांबतात, पण खरी गंमत पुढे आहे. मुलाला लिंबाचा रस, चिंचेचे पाणी, ताक आणि साधे पाणी देऊन पट्टी बुडवायला सांगावी. सगळीकडे ती पिवळीच राहते, म्हणजे हळदीला आम्ल आणि साधे पाणी यांतला फरक कळत नाही. प्रत्येक साधनाला त्याची मर्यादा असते, हा धडा फार मोलाचा आहे. मग दुसरे साधन शोधावे लागते आणि ते अंगणात असते: लाल जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात ठेवून मिळणारे जांभळट पाणी लिंबाने लालगुलाबी आणि सोड्याने हिरवट होते. निळ्या गोकर्णाच्या पाण्यात लिंबू पिळले तर ते जांभळे होते. कोणती फुले असा रंग बदलतात आणि कोणती बदलत नाहीत, याची यादी करण्यात मुलांचा एक आठवडा सहज जातो.

वर्गात साठ मुले असताना

शाळेत तास पस्तीस-चाळीस मिनिटांचा, मुले पन्नास-साठ आणि साहित्य तुटपुंजे, ही अडचण खरी आहे आणि शिक्षकांना उपदेश करताना ती विसरणे अन्यायाचे आहे. म्हणून वर्गासाठी असा प्रयोग निवडावा ज्यात पंधरा गट असणे हाच फायदा ठरतो. लंबक हा तसा प्रयोग आहे. प्रत्येक गटाला दोरा आणि प्लॅस्टिकच्या लहान पिशवीत काही नाणी पुरतात; दोऱ्याचे वरचे टोक बाकाच्या कडेला पक्के बांधावे आणि पिशवी थोडीशीच बाजूला नेऊन सोडावी. नाणी वाढवली तर लंबक जलद हलेल की सावकाश, हे आधी हात वर करून मोजावे आणि फळ्यावर लिहावे. जड वस्तू जलद हलेल असे म्हणणारे बहुधा जास्त निघतात.

एक पूर्ण फेरी मोजण्याऐवजी दहा फेऱ्यांचा वेळ घेऊन त्याला दहाने भागावे, कारण घड्याळ सुरू आणि बंद करताना होणारी चूक मग दहा फेऱ्यांवर वाटली जाते. आधाराच्या बिंदूपासून नाण्यांच्या मध्यापर्यंत लांबी २५ सेंटिमीटर असेल तर दहा फेऱ्यांना सुमारे १० सेकंद लागतात, आणि नाणी एक असोत वा सहा, हा आकडा बदलत नाही. लांबी चौपट, म्हणजे एक मीटर केली, तर वेळ चौपट न होता दुप्पट होतो, सुमारे २० सेकंद. इतका लांब लंबक बाकाला मावत नाही, तो दाराच्या चौकटीला बांधावा. पंधरा गटांचे आकडे फळ्यावर आले की ते सगळे सारखे नसतात, कोणाचे ९.६, कोणाचे १०.३, आणि एखाद्या गटाचे थेट ११.५ येतात. तो ११.५ पुसून टाकण्याचा मोह शिक्षकांनी आवरावा. त्या गटाला आपला लंबक पुन्हा मोजायला सांगितले, तर बऱ्याचदा कळते की नाणी वाढवताना त्यांनी दुसरी पिशवी पहिलीच्या खाली बांधली होती. वजनाबरोबर नकळत लांबीही बदलली होती. एका वेळी एकच गोष्ट बदलण्याचा नियम फळ्यावर लिहून जितका समजत नाही, तितका या चुकीतून समजतो.

सुरक्षिततेविषयी थोडेच पण ठामपणे सांगायला हवे. ज्योत आणि उकळते पाणी मोठ्यांच्याच हाती असावे, चुना डोळ्यांत जाऊ देऊ नये, प्रयोगातला कोणताही पदार्थ चाखू नये, आणि आता पुढे जो प्रयोग येतो आहे त्यात सूर्याकडे कोणीही थेट पाहू नये.

दोन शाळा आणि एक काठी

सावलीचा प्रयोग मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तो एका शाळेला एकट्याने करताच येत नाही. इसवी सन पूर्व तिसऱ्या शतकात इरॅटोस्थेनिस या विद्वानाने इजिप्तमधील सायीन आणि अलेक्झांड्रिया या दोन नगरांतील माध्यान्हीच्या सूर्याची तुलना करून पृथ्वीचा परीघ काढला. सायीनला एका ठरावीक दिवशी सूर्य थेट डोक्यावर येई. त्याच दिवशी अलेक्झांड्रियाला तो पूर्ण वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतका कललेला असे. त्यावरून पृथ्वीचा परीघ त्या दोन नगरांमधील अंतराच्या पन्नासपट आहे, हे त्याने ताडले.

महाराष्ट्रात आणि गोव्यात सूर्य डोक्यावर येण्याची वेळ वर्षातून दोनदा येते, कारण दोन्ही राज्ये कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहेत. त्या माध्यान्ही उभ्या काठीची सावली तिच्या पायाशी नाहीशी होते. मे महिन्यात हा दिवस पणजीला २-३ तारखेच्या, कोल्हापूरला ६-७ तारखेच्या, मुंबईला १५-१६ तारखेच्या आणि नागपूरला २६ तारखेच्या सुमारास येतो, म्हणजे सूर्याबरोबर ही रेषा सुमारे तीन आठवड्यांत गोव्यापासून विदर्भापर्यंत सरकत जाते. जुलै-ऑगस्टमध्ये ती परत येते, पण तेव्हा बहुधा ढग असतात. मे महिन्यात शाळेला सुट्टी असते, त्यामुळे शून्य सावली हा घराच्या गच्चीवर करायचा प्रयोग आहे. परीघ काढण्यासाठी मात्र सूर्य डोक्यावर असायलाच हवा असे नाही. दोन ठिकाणच्या कोनांतला फरक पुरतो, म्हणून शाळा भरलेली असताना डिसेंबरच्या स्वच्छ उन्हात तो प्रयोग उत्तम होतो.

कोल्हापूर आणि धुळे ही जोडी यासाठी छान आहे, कारण धुळे कोल्हापूरच्या जवळजवळ सरळ उत्तरेला आहे. दोन्हीकडच्या शाळांनी एकाच दिवशी, समजा २२ डिसेंबरला, सपाट जमिनीवर एक मीटर उंचीची काठी उभी करावी, गवंडी वापरतात तसा ओळंबा लावून ती सरळ आहे याची खात्री करावी आणि दुपारी १२ ते १ या वेळात दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडूने खूण करावी. सर्वांत आखूड सावली धरायची. कोल्हापूरला ती सुमारे ८४ सेंटिमीटर भरते आणि धुळ्याला सुमारे ९८. काठी व सावली यांचा काटकोन त्रिकोण मोठ्या कागदावर प्रमाणात काढून काठीच्या टोकाशी होणारा कोन मोजला, की तो अनुक्रमे ४०.१ आणि ४४.३ अंशांच्या आसपास येतो; दहावीच्या मुलांना तो त्रिकोणमितीने काढता येईल. फरक सुमारे ४.२ अंश. पूर्ण वर्तुळात ३६० अंश, म्हणजे असे जवळपास ८६ तुकडे. नकाशावर मोजलेले दोन शहरांमधील उत्तर-दक्षिण अंतर सुमारे ४६५ किलोमीटर आहे, आणि त्यावरून परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर येतो, जो खऱ्या आकड्याच्या अगदी जवळ आहे. इथे रस्त्याचे अंतर घेणारा गट हमखास चुकतो, कारण रस्ता वळणे घेत जातो.

मुलांचे उत्तर इतके नेमके येणार नाही, हे त्यांना आधीच सांगावे. सूर्य हा बिंदू नसून आकाशात अर्धा अंश रुंदीची चकती आहे, त्यामुळे सावलीचे टोक सुमारे दीड सेंटिमीटर पुसट असते, आणि एका शाळेने सावली मोजण्यात एका सेंटिमीटरची चूक केली तर परिघात सुमारे तीन हजार किलोमीटरचा फरक पडतो. यावरचा उपाय मुलांना सुचायला वेळ द्यावा. दोन्ही शाळांनी पुसट पट्ट्याचा मध्य धरायचा असे फोनवर आधीच ठरवले, तर दोन्हीकडे चूक सारखीच होते आणि वजाबाकीत ती बरीचशी निघून जाते.

खुणा करताना आणखी एक गोष्ट प्रत्येक वर्गाच्या लक्षात येते, ती अशी की सावली बारा वाजता सर्वांत आखूड नसते. कोल्हापुरात आणि धुळ्यात ती साडेबाराच्या आसपास सर्वांत आखूड होते. आपली घड्याळे ८२.५ अंश पूर्व रेखांशावरच्या वेळेने चालतात आणि ती रेषा आपल्या बरीच पूर्वेला आहे. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटे घेते, म्हणून तिथला सूर्य माथ्यावर येऊन गेल्यानंतर आपल्यापर्यंत पोहोचायला अर्धा तास लागतो. एखादी मावशी नागपूरला आणि आत्या मुंबईला असेल, तर मुलाने दोघींनाही त्याच दिवशी गच्चीवर काठी लावायला सांगावे. नागपूरची सावली साधारण १२ वाजून १२ मिनिटांनी सर्वांत आखूड होईल आणि मुंबईची १२ वाजून ३७ मिनिटांनी.